चाकं काढायच्या आधी

घोरावाडी

घोरावाडीहून लोणावळ्याला गाडीने जायला फार तर तास लागतो. आम्हाला चार दिवस लागले. त्यात एकदा गाडी पाण्यात गेली आणि एकदा आमचं दोघांचं असं वाजलं, की इतक्या वर्षांच्या संसारात तसं कधी वाजलं नव्हतं. आवडती गाडी विकायला निघालेली माणसं सरळ रस्त्याने जात नाहीत, हे मला आता पटलंय.

गाडी म्हणजे आमचा ‘डबा’. कारखान्यातल्या कामगारांची ने-आण करणारी ती जुनी मिनीबस. ह्यांनी रिटायर झाल्यावर ती घेतली, आतल्या सीटा काढल्या आणि तिच्यात चाकांवरचं घर केलं. एक पलंग, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी, आणि मागच्या काचेशी दोघांपुरता बाक. डॅशबोर्डवर बुद्धाची बोटभर मूर्ती, माझ्या भावाने दिलेली. मी शिवणक्लास चालवायचे, त्यामुळे पडदे, गाद्यांच्या खोळी, मच्छरदाण्या सगळं माझ्या मशीनवर झालं. खिडक्यांची मापं घेताना मी ह्यांना म्हटलं होतं, “लोक म्हातारपणी देवळं बांधतात, तुम्ही बस बांधताय.” पण हौसेला मोल नाही.

ही हौस कुठून आली ते सांगायला हवं. ह्यांची सगळी नोकरी मालगाडीवर गार्ड म्हणून झाली. मालगाडीच्या अगदी शेवटच्या डब्यात एकट्याने बसायचं, सोबतीला जेवणाचा डबा आणि हातदिवा. “गार्डाला जग मागे पडतानाच दिसतं,” ते म्हणायचे. “स्टेशन निघून गेल्यावर कळतं, की स्टेशन होतं.” एकदा तरी पुढे बसून समोरून काय येतंय ते बघायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं.

मग दर थंडीत आम्ही कोकणात. दिवेआगर, हरिहरेश्वर, गुहागर. सुरूच्या बनात डबा उभा करायचा, मागचं दार समुद्राकडे. सकाळी बंदरावर जाऊन मी बांगडे आणायचे, आणि कोळणी मला घासाघीस करू द्यायच्या नाहीत, उलट मासा नीट कसा साफ करायचा ते शिकवायच्या. एका गावात ओल्या वाळूत चाक रुतलं होतं आणि भरती यायला लागली होती. तेव्हा टेम्पोतून लग्नाला निघालेली नटूनथटून बसलेली माणसं खाली उतरली, धोतरं-साड्या खोचून त्यांनी डबा ढकलला आणि तशीच ओली होऊन लग्नाला गेली. जाताना आम्हालाही जेवायला घेऊन गेली. अजून त्या गावाचं नाव निघालं की मला त्या लग्नातल्या वालाच्या बिरड्याची चव आठवते.

मागच्या पावसाळ्यात ह्यांना काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, बाजूचं दिसणं कमी होत जातं, गेलेलं परत येत नाही, थेंब टाकून आहे ते टिकवायचं. गाडी चालवणं त्याच दिवशी बंद.

आता माझी गंमत ऐका. डॉक्टरांकडून आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात मी मोटार ट्रेनिंगच्या क्लासला नाव घातलं. शिवणाच्या मशीनवर जन्म गेलेल्या बाईला पायाने वेग सांभाळणं काही नवं नसतं. क्लचचं तेवढं जड गेलं. लायसन्स मिळालं आणि रविवारी एमआयडीसीच्या मोकळ्या रस्त्यावर मी डबा फिरवायला लागले. मी मनात ठरवूनच टाकलं होतं, की ह्या थंडीत समुद्रावर मी घेऊन जाणार. आणि ह्यांनी तोवर गिऱ्हाईक शोधलं होतं.

विशाल नावाचा एक मुलगा. लोणावळ्याच्या पलीकडे त्याचं पर्यटकांसाठी राहायचं ठिकाण आहे. आमचा डबा तो चौथऱ्यावर ठेवणार, चाकं काढून टाकणार आणि खोली म्हणून भाड्याने देणार. मी म्हटलं, अजून दिसतंय तोवर एकदा समुद्र बघून येऊ, मग विका. ते म्हणाले, घाट उतरणं तुझं काम नाही, आणि शेजारी बसून तुझा जीव धोक्यात घालणं माझं काम नाही. खूप ताणलं तेव्हा मधला मार्ग निघाला. गाडी लोणावळ्यालाच द्यायची, पण जाताना मावळातून वळसा घेऊन, धरणाच्या पाण्याशी एक मुक्काम करून.

“दुधाची तहान ताकावर,” मी म्हटलं.

“ताक तब्येतीला चांगलं असतं,” हे म्हणाले.

आंबी

पहिला थांबा आंबीला, गणपत मिस्त्रींच्या शेडवर. डबा तिथेच घडला होता. तेव्हा आजूबाजूला भाताची खाचरं होती, आता एका बाजूला भात आणि एका बाजूला कारखान्यांच्या भिंती. मिस्त्रींनी ब्रेक बघितले, ऑइल बदललं, दाराची कुरकुर काढली. मग हात पुसत बाहेर आले.

“कुटं निगालाय ह्या टायमाला? गुहागर?”

“लोणावळा,” हे म्हणाले. “देऊन टाकतोय.”

मिस्त्रींनी गाडीभोवती एक चक्कर मारली. “चालवायला घेतोय ना त्यो?”

“नाही. चाकं काढून ठेवणार आहे.”

“चाकं काढून,” मिस्त्री म्हणाले. “मंग ब्रेक कशाला बगाय लावले?”

 मिस्त्रींच्या बायकोने चहा आणि गूळ-शेंगदाण्याचे लाडू दिले. निघताना मी ड्रायव्हरच्या जागेवर चढले तसे मिस्त्री हसले, आणि शेजारी बसलेल्या ह्यांना म्हणाले, “गार्डसायेब, आता गप बसायचं.” त्यांना माझा नवरा माहीत होता. आंबीतून बाहेर पडेपर्यंतच मला “डावीकडे घे, हॉर्न दे, गिअर बदल” असं इतक्या वेळा ऐकावं लागलं, की शेजारी उंटावरचा शहाणा बसवून कुणी गाडी शिकू नये असं क्लासवाल्यांनी भिंतीवर लिहून ठेवायला हवं.

टाकवे बुद्रुक

टाकव्याला नवा इंद्रायणी तांदूळ घेतला. पोत्याचं तोंड सोडलं तसा वास आला आणि मला कोकणातल्या लाल भाताची आठवण झाली. तो भात पोट भरतो, हा भात आधी नाक भरतो. दुकानाजवळच्या एका शेतकऱ्याला आम्ही रात्रीपुरती जागा विचारली.

इथे एक फरक सांगते. कोकणात जागा मागितली की माणूस लगेच हो म्हणत नाही. “बघूया,” म्हणतो, आणि आत जातो. आपल्याला वाटतं झालं, नको म्हणाला. अर्ध्या तासाने तोच माणूस शहाळी घेऊन येतो आणि म्हणतो, इथे नको, तिथे लावा, तिथे वारा आहे. मावळात उलटं. हो आधीच, चौकशी नंतर.

“लावा की, त्याच्यात काय,” तो शेतकरी म्हणाला. गाडी लावून झाली आणि मग सुरू झालं. “कुनाकडं आलाय? मूळचं गाव कुटलं? पोरं काय करत्यात? ही गाडी घरपट्टी भरती का?” शेवटच्या प्रश्नावर हे इतके हसले की त्यांना ठसका लागला. पोरांबद्दल आम्ही सांगितलं, की मुलगी बंगळूरला असते आणि तिला ही गाडी अजिबात पसंत नाही. तेवढ्याने त्याचं समाधान झालं.

त्या संध्याकाळी इंद्रायणीचा मऊ भात, वर तूप, आणि शेतातल्या पावट्याची आमटी. हे बाकावर बसून मागच्या काचेतून खाचरांकडे बघत होते. भात कापून झालेला, बुडखे उरलेले. “गुहागरला आत्ता ओहोटी असेल,” ते एकदम म्हणाले. मी भांडी विसळत होते. समुद्र त्यांनाही हवा होता ते मला तेव्हाच कळलं, पण मी तेच ताट पुन्हा विसळलं, कारण बोलले असते तर रडले असते.

धरणाच्या काठी

टाकव्याच्या पुढे अंदर मावळात रस्ता धरणाच्या कडेकडेने जातो. थंडीत पाणी मागे सरतं आणि काठाला वाळलेल्या गाळाचं उतरतं पटांगण तयार होतं. वरच्या अंगाला ठाकर आदिवासींची थोडी घरं होती. जागा पसंत पडली. मागचं दार पाण्याकडे येईल अशी मी गाडी फिरवून घेतली, फक्त ती अजून थोडी पाण्याजवळ न्यायला हवी होती.

“मागे घ्यावी लागेल,” हे म्हणाले.

आता आमची पद्धत सांगते, म्हणजे पुढचं नीट समजेल. गाडी मागे घ्यायची असली की मी उतरून मागे उभी राहायचे आणि पत्र्यावर थाप मारायचे. दोन थापा म्हणजे येऊ द्या, एक थाप म्हणजे थांबा. ट्रकचे क्लीनर करतात तसंच. इतकी वर्षं हे चालवायचे आणि मी डब्याची क्लीनर होते. “मागे घ्यावी लागेल” हे शब्द कानावर पडले की माझे पाय आपोआप जमिनीला लागायचे.

तर मी हँडब्रेक ओढला आणि सवयीने खाली उतरले. तिकडून हेही उतरले, कारण आता मागे उभं राहायचं काम त्यांचं, असं आमचं घरून निघतानाच ठरलं होतं. दोघं दोन बाजूंनी चालत गाडीच्या मागे आलो. मी थाप मारायला हात उचलला.

“तू इथे काय करतेस?” हे म्हणाले.

“म्हणजे? थाप कोण मारणार?”

“मी. आणि गाडीत कोण आहे?”

गाडीत कुणीच नव्हतं. आणि हँडब्रेक मी ओढला होता, पण पूर्ण नाही. डबा हलला. आधी इतका हळू, की मला वाटलं आपल्यालाच चक्कर आली. मग तो उतरणीवरून सरळ आमच्याकडे यायला लागला. मी बाजूला उडी मारली आणि पाहते तर हे तिथेच उभे. तोंड माझ्याकडे वळलेलं. गाडी त्यांच्या डाव्या खांद्यापाशी आली होती आणि ते मला शांतपणे विचारत होते, “काय झालं?”

मी त्यांचा हात धरून ओढलं. दोघं गाळात पडलो. डबा आमच्या शेजारून गेला आणि मागची चाकं पाण्यात जाऊन चिखलात रुतली.

मला धक्का बसला तो गाडीचा नाही. घराएवढी गाडी अंगावर येत होती आणि ती ह्यांना दिसली नव्हती. थोडं कमी दिसतं, असं ते सांगत होते. हे थोडं नव्हतं.

वरून हसण्याचा आवाज आला. एक बाई डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन उतरत होती. तिच्यामागे तिचा नवरा. हौसामावशी आणि बबनआबा, ही नावं नंतर कळली.

“आवो, गाडी धुवाया पान्यात घातली का?” मावशी म्हणाली.

“नाही हो, आपोआप गेली.”

“आपोआप? आन डायवर कुटं व्हता?”

“मीच ड्रायव्हर,” मी म्हटलं. माझ्या साडीवर, केसांत, सगळीकडे गाळ होता.

तिने मला नीट बघून घेतलं. “आन मंग ह्ये बाबा कशापाई हाईत?”

“थाप मारायला,” हे म्हणाले, आणि मला तिथे, चिखलात बसून, हसू आणि रडू एकदमच आलं.

आबांनी घरांकडे हाक घातली. माणसं आली. कुणी चाकांपुढचा चिखल उपसला, कुणी सपाट दगड आणले, बायकांनी भाताच्या पेंढ्याचे भारे आणून चाकांखाली पसरले. “पेंढा कोरडाच टाका रं, वला न्हाई धरायचा,” आबा सांगत होते. मग सगळे मागून ढकलायला उभे राहिले आणि मी आत चढले.

हे सगळ्यांच्या मधोमध पत्र्याला हात टेकून उभे होते. त्यांनी दोन थापा मारल्या. इतकी वर्षं मी जी थाप मारत आले ती आतून कशी ऐकू येते ते मला त्या दिवशी कळलं. ती पत्र्यातून सीटमध्ये आणि सीटमधून पाठीत येते. बाहेर कुणीतरी आपल्यासाठी उभं आहे असं वाटतं. पेंढा चिरडत डबा वर आला. एक थाप पडली. मी थांबले आणि ह्या वेळी हँडब्रेक दोन्ही हातांनी ओढला.

त्या संध्याकाळी मावशीच्या चुलीपाशी जेवलो. धरणातल्या चिलापी माशाचं कालवण आणि तांदळाची भाकरी. कोकणात ह्यात ओला नारळ पडला असता, असं मी बोलून गेले.

“हितं नारळ कुटनं आनायचा,” मावशी म्हणाली. “कांदा भाजायचा, वाईच सुकं खोबरं, संपलं. तुमच्या समुद्राला मीठ हाय, आमच्या माशाला आमीच घालतो.”

जेवून बाहेर बसलो तेव्हा तिने पाण्याकडे बोट केलं. “तितं आमचं गाव व्हतं. आज्जासासऱ्याचं घर. धरान झालं तवा समदी वर आली.”

“कुठे?” ह्यांनी विचारलं. ते डोळे बारीक करून बघत होते.

“आता न्हाई दिसायचं, बाबा. आमाला बी न्हाई दिसत. पर हाय तितंच.” ती उठून भांडी आवरायला गेली. हे बराच वेळ तिने दाखवलेल्या दिशेला बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्यावर धुकं होतं. दाराच्या पायरीवर चहा घेत होतो. मी विचारलं, “खरं किती दिसतं? थोडं कमी, असं सांगू नका.”

त्यांनी कप खाली ठेवला. “घाटात बोगद्यात गाडी असली, की गार्डाला मागे पडणारं तोंड दिसतं ना, गोल उजेड. तेवढं दिसतं. त्यातलं अगदी स्वच्छ दिसतं. त्याच्या बाजूला काही नाही.”

“आणि ते तोंड?”

“लहान होतंय.”

“मला का नाही सांगितलं?”

“सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस? घाटातून समुद्रावर नेलं असतंस. पाहिलं ना काल? मला गाडी दिसली नाही आणि तू ती धरणात घातलीस.”

मग आमचं वाजलं. ते सगळं सांगण्यात अर्थ नाही. मी म्हटलं, तुम्ही माझ्या वतीने ठरवता आणि त्याला काळजी म्हणता. ते म्हणाले, तू हट्ट करतेस आणि त्याला प्रेम म्हणतेस. दोघांचंही थोडं थोडं खरं होतं, म्हणून दोघांनाही लागलं. दिवसभर आम्ही एकमेकांशी बोललो नाही. एवढ्याशा गाडीत अबोला धरणं किती अवघड असतं ते ज्यांनी केलंय त्यांनाच माहीत. पाणी मागायलासुद्धा वळसा घालून जाता येत नाही. दुपारी मावशी आली, तिने दोघांकडे बघितलं, उकडलेली रताळी ठेवली आणि काही न विचारता निघून गेली.

लोणावळा

मधला वार असल्याने लोणावळ्यात गर्दी नव्हती. चिक्कीच्या दुकानांवर माश्या वारत बसलेली पोरं, वडे तळण्याचा वास, आणि थंड, ओलसर हवा. ह्यांच्या ड्यूट्या कित्येकदा इथे संपायच्या. स्टेशनच्या बाजूने जाताना त्यांनी काच खाली केली. यार्डात कुठेतरी डबे जोडल्याचा आवाज झाला. “मालगाडी,” ते म्हणाले. कालपासूनचा हा त्यांचा पहिला शब्द.

विशाल फाटकातच उभा होता. हसतमुख मुलगा, वागायला चांगला. उगाच वाईट कशाला सांगू. त्याच्याकडे आधीच एक जुनी बस चौथऱ्यावर बसवलेली होती, तिच्यावर दिव्यांच्या माळा. पलीकडे एक जुना टेम्पो. त्यांच्या टायरांच्या कुंड्या केल्या होत्या आणि त्यांत गुलाबी फुलं होती. आमच्या डब्यासाठी कडेला नवा चौथरा बांधून तयार होता. त्याने एक जॅकही आणून ठेवला होता.

“काका, एकदम मस्त जागा आहे. मागच्या काचेतून दरी दिसेल,” तो म्हणाला. हे चौथऱ्यापाशी गेले आणि हाताने त्याची कड चाचपत राहिले.

“आणि काकू,” विशाल माझ्याकडे वळला, “तुम्ही काळजीच करू नका. काकांची अट मला मान्य आहे. तुम्हाला कधीही येऊन ह्यात राहता येईल. आधी कळवायचं फक्त. तुमच्यासाठी कायम मोकळा ठेवू.”

“कसली अट?”

“काकांनी पहिल्या फोनलाच सांगितलं होतं. त्यांना दिसेनासं झालं की तुम्हाला घराबाहेर पडता येणार नाही, म्हणून. तुमच्या हातचे पडदेसुद्धा बदलायचे नाहीत असं ठरलंय.”

मी ह्यांच्याकडे बघितलं. ते चौथऱ्याकडे बघत होते. म्हणजे मी ह्यांच्यासाठी गाडी शिकत होते, आणि हे माझ्यासाठी गाडी उभी करायला निघाले होते. असा राग मला आयुष्यात आला नव्हता आणि असं प्रेमही. 

“मला उभ्या गाडीत बसायचं असतं तर घरी सोफा आहे,” मी म्हटलं. “आणि तुम्ही घरात आणि मी इथे एकटी पडदे बघत बसणार, असं तुम्हाला वाटलं तरी कसं?”

“सुमन, तो मुलगा उभा आहे,” हे हळूच म्हणाले.

“उभा राहू दे. विशाल, बाळा, तुझं काही चुकलं नाही. तू आमच्यासाठी चौथरा बांधलास, त्याची मला लाज वाटते. पण गाडी आज देणार नाही. ज्या दिवशी ह्यांना समोरचं दिसायचं थांबेल, त्या दिवशी मी स्वतः चालवत आणून देईन. तेव्हा तुला नको असली तर तेही चालेल.”

विशाल गोंधळला. त्याने ह्यांच्याकडे बघितलं. हे माझ्या आवाजाच्या दिशेने तोंड करून उभे होते.

“घाट आहे,” ते म्हणाले.

“माहीत आहे.”

“काही झालं तर दोघंही खाली जाऊ.”

“खालीच जायचंय,” मी म्हटलं.

विशालला हसू आवरलं नाही. मग हेही हसले, आणि मला कळलं की आता ते येणार. विशालने आम्हाला वडापाव खाऊ घालूनच सोडलं, आणि चौथऱ्यावर तो दुसरं काहीतरी ठेवेल म्हणाला. चांगला मुलगा, म्हटलं ना.

घाट

खंडाळ्याच्या पुढे, उतार सुरू व्हायच्या आधी, ह्यांनी मला गाडी कडेला घ्यायला लावली.

“आता काय?”

“ब्रेक टेस्ट. घाट उतरायच्या आधी गाडी थांबवून ब्रेक बघायचे. मालगाडी असो की मेल.” मी ब्रेक दाबला, सोडला, पुन्हा दाबला. ते खाली उतरून चाकापाशी कान लावून उभे होते. वर आले, पट्टा लावला. “हे बघ. समोरचं मला चांगलं दिसतं, तुझ्यापेक्षाही चांगलं. समोरचं मी सांगतो. बाजूचं तू बघ. दुसऱ्या गिअरवर ठेव आणि ब्रेकवर पाय ठेवून उतरू नकोस.”

आणि तसेच आम्ही उतरलो. “समोर टँकर, लांब आहे. वळण उजवीकडे. स्कूटरवाला. टँकर थांबलाय, थांब.” एरवीची ती बडबड, जिने आंबीपासून माझं डोकं उठवलं होतं, आता मला हवी होती. ते एक क्षण गप्प झाले तरी मी म्हणायचे, “बोला.” डावीकडे दरी होती. ती त्यांना दिसत नव्हती आणि मी तिच्याकडे बघत नव्हते, त्यामुळे त्या दरीची भीती आम्हा दोघांनाही जेवढी वाटायला हवी होती तेवढी वाटली नाही. माझ्या मागे गाड्यांची रांग लागली, हॉर्न वाजत होते. “वाजू दे,” हे म्हणाले. “मालगाडीला सगळेच शिव्या देतात.”

खोपोलीत सपाटीवर आल्यावर मी गाडी थांबवली. माझे हात स्टिअरिंगवरून सुटेनात. ह्यांनी एकेक बोट सोडवलं.  पलीकडच्या टपरीवर उसाचा रस मिळत होता, तो आम्ही दोन-दोन ग्लास प्यायलो.

समुद्र

पेण, अलिबाग, आणि मग रेवदंड्याच्या अलीकडचं एक सुरूचं बन. ते आमच्या माहितीचं होतं. गाडी वळवून घेताना ते मागे जाऊन उभे राहिले आणि मी आतच बसले, एवढी अक्कल आम्हाला धरणाने दिली होती.

दिवस कलत होता. मागचं दार उघडून आम्ही पायरीवर बसलो. भाजलेल्या बोंबलाचा वास कुठूनतरी येत होता, आणि तोच खारा वारा, जो लागला की माझी हाडं दुखतात आणि मन बरं होतं. मला वाटलं होतं की इथे पोचल्यावर मी रडेन. पण रडू आलं नाही. नुसतं बरं वाटलं.

“काय दिसतंय, सांग ना,” हे म्हणाले.

“मी नाही सांगणार. समोरचं तुम्ही सांगायचं.”

ते बघत राहिले. “सूर्य. खालचा काठ पाण्याला टेकलाय. एक होडी येतेय, पुढच्या टोकाला, नाळेवर, लाल झेंडा. माणूस उभा आहे. भरती लागलीये वाटतं, लाट त्या लाकडाच्या पुढे आली.” सगळं बरोबर होतं. झेंडा लाल आहे हे मला त्यांनी सांगेपर्यंत कळलं नव्हतं. “आता तू. उजवीकडे?”

“उजवीकडे दोन बायका शिंपल्या वेचतायत. त्यांचा कुत्रा आहे. तो पाण्याला भुंकतोय.”

“आणि डावीकडे?”

“डावीकडे मी आहे.”

त्यांनी मान हळूहळू पूर्ण वळवली, आणि मला बघितलं.